आईचं दूध पातळच असतं!

परवा ओपीडीत तीन आठवड्यांचं बाळ घेऊन एक मुलगी आली. पहिलंच बाळंतपण, त्यामुळे माहेरी आलेली. सोबत तिची आई. मी काही विचारायच्या आधीच आजीबाईंनी तक्रार मांडली. ‘‘डॉक्टर, हिचं दूध अगदीच पातळ आहे हो. नुसतं पाणी. बाळाचं पोटच भरत नाही. दर दीड-दोन तासांनी रडतंय. वरचं दूध सुरू करावं म्हणते.’’ मुलगी खाली मान घालून बसली होती. आजींच्या पिशवीतून दूध पावडरचा नवा डबा डोकावत होता.

मी बाळाचं वजन केलं. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम, आता ३ किलो २०० ग्रॅम. ‘‘दिवसभरात लंगोट किती भिजतात?’’ मी विचारलं. आजी म्हणाल्या, ‘‘मोजणार कुठवर? वाळत घालायला दोरी पुरत नाही.’’ मी म्हणाले, ‘‘मग बाळ अगदी छान वाढतंय. आणि दूध पातळ आहे हे तुमचं म्हणणंही बरोबर आहे. आईचं दूध पातळच असतं. तसंच असायला हवं.’’ आजींचा काही विश्वास बसला नाही.

‘दूध पातळ आहे’, ‘दूध पुरत नाही’ ही दोन वाक्यं मी जितक्या वेळा ऐकते तितकी दुसरी कुठलीही तक्रार ऐकत नाही. या दोन वाक्यांपायी किती तरी बाळांचं अंगावरचं दूध पहिल्या दोन महिन्यांतच तुटतं. ओपीडीच्या गर्दीत याचं उत्तर नीट देता येत नाही. ते आज सवडीने देते. त्यासाठी थोडं लांबून, अगदी उत्तर अटलांटिकच्या बर्फावरून यावं लागेल.

चार दिवसांची आई

त्या बर्फाळ समुद्रात हुडेड सील नावाचा प्राणी राहतो. त्याची मादी तरंगत्या बर्फाच्या लादीवर विते. ही लादी कधी फुटेल याचा नेम नाही आणि पांढरं अस्वल कधी येईल याचाही नाही. त्यामुळे पिल्लाला पाजण्यासाठी या आईजवळ फक्त चार दिवस असतात. सस्तन प्राण्यांमध्ये याहून कमी काळ कुणी पाजत नाही. चार दिवसांत ती पिल्लाला काय देते? तिच्या दुधात सुमारे ६० टक्के चरबी असते. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात ती सात टक्क्यांच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. ते दूध कसलं, पातळ केलेलं लोणीच. जन्मताना साधारण २२ किलोचं असलेलं पिल्लू चौथ्या दिवशी जवळजवळ दुप्पट वजनाचं होतं. मग आई निघून जाते, ती कायमची.

आता ससा पाहा. सशाची मादी पिल्लांना बिळातल्या मऊ घरट्यात ठेवते आणि दिवसाचे जवळजवळ सगळे तास त्यांच्यापासून लांब राहते. वारंवार ये-जा केली तर शिकाऱ्याला घरट्याचा माग लागेल. ती दिवसातून साधारण एकदा येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि जाते. त्या एका जेवणावर पिल्लांना पुढचे चोवीस तास काढायचे असतात. म्हणून सशाचं दूध दाट असतं. त्यात प्रथिनं आईच्या दुधाच्या दहापटीहून जास्त आणि चरबीही कितीतरी अधिक. सशाचं पिल्लू आठवडाभरात वजन दुप्पट करतं.

निळा देवमासा तर पिल्लाला पाजतो तोच समुद्रात. पिल्लाच्या अंगावर चरबीचा थर लवकर चढायला हवा. त्याचं दूध इतकं घट्ट असतं की पिल्लू दिवसाला सुमारे ९० किलोने वाढतं.

कांगारूची गोष्ट आणखी वेगळी. लाल कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम एक ग्रॅमचं असतं. ते सरपटत आईच्या पिशवीत शिरतं आणि एक स्तनाग्र तोंडात धरून महिनोन् महिने तिथेच राहतं. तोवर आधीचं मोठं पिल्लू पिशवीबाहेर उड्या मारत असतं, पण भूक लागली की पिशवीत तोंड घालून आपलं ठरलेलं स्तनाग्र शोधतं. एकाच आईच्या एका स्तनाग्रातून धाकट्यासाठी पातळ दूध येतं आणि त्याच वेळी दुसऱ्यातून थोरल्यासाठी चरबीदार.

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. दूध दाट की पातळ हे ठरतं ते पिल्लाला किती वेगाने वाढायचं आहे आणि आई त्याच्याजवळ किती वेळ राहणार आहे, यावर. लांब राहणाऱ्या आईचं दूध दाट. सतत जवळ असणाऱ्या आईचं दूध पातळ.

अंगाला चिकटलेली पिल्लं

माणूस यात कुठे बसतो? आपण माकडांच्या आणि वानरांच्या गोत्यातले. त्यांची पिल्लं आईच्या पोटाला बिलगून असतात, हवं तेव्हा पितात, थोडं थोडं पितात. त्यांना वाढायची घाई नसते. ओरांगउटानचं पिल्लू तर आठ-आठ वर्षंही आईला पितं, असं त्याच्या दातांच्या तपासणीतून दिसलं आहे. अशा पिल्लांना दाट दुधाची गरजच नाही.

आपल्या दुधात प्रथिनं असतात जेमतेम एक टक्का, चरबी चार टक्क्यांच्या आसपास आणि दुग्धशर्करा सात टक्के. गाईच्या दुधात प्रथिनं तिपटीहून जास्त असतात. का असू नयेत? वासराला जन्मल्यावर तासाभरात उभं राहायचं असतं आणि साधारण दोन महिन्यांत वजन दुप्पट करायचं असतं. आपलं बाळ त्यासाठी पाच महिने घेतं. त्याच्या अंगाआधी मेंदूची वाढ व्हायची असते. पहिल्या वर्षात मेंदूचा आकार दुपटीच्या आसपास वाढतो. ज्याचं काम जसं, तसं त्याचं दूध.

पातळ दूध म्हणजे वारंवार पाजणं. बोत्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवरच्या कुंग समाजात आया बाळांना कशा पाजतात याची नोंद मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन या संशोधकांनी केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. तिथली बाळं दिवसा तासाला चार-चार वेळा पीत होती, दर वेळी दोन-एक मिनिटं. बाळ आईच्या कडेवर, छातीशी. कुणी घड्याळ पाहत नव्हतं. ‘पुरतं का?’ असं कुणी विचारतही नव्हतं.

तेव्हा दर दीड-दोन तासांनी जागं होणारं बाळ उपाशी आहे असं समजू नका. ते माणसाचं बाळ आहे. वरच्या दुधावर ते जास्त वेळ झोपतं हे खरं, कारण ते पचायला जास्त वेळ लागतो. ती झोप पाहून घरच्यांना वाटतं, ‘बघा, आता कसं पोट भरलं.’ इथूनच घसरण सुरू होते.

आईचं दूध मागणीनुसार तयार होतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि दूध बनतं. छाती जितकी रिकामी होते तितकी भरते. एक बाटली दिली की बाळ एक वेळ ओढत नाही. एक वेळ ओढलं नाही की तेवढं दूध कमी बनतं. मग दुसरी बाटली लागते. महिन्याभरात दूध खरोखरच कमी होतं आणि सगळे म्हणतात, ‘आम्ही म्हणतच होतो, हिला दूध नव्हतंच.’ ज्या आजारासाठी औषध दिलं तो आजार औषधानेच झाला, अशी ही गत. काळजीने पिचलेल्या बाईचा पान्हाही अडतो. दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीती आणि ताणापुढे मागे सरतं. ‘पातळ आहे, पातळ आहे’ असं दिवसातून दहा वेळा ऐकवलं तर तो ताण वेगळा शोधायला नको.

मग पुरतं की नाही हे ओळखायचं कसं? सोप्या खुणा आहेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली पाहिजे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. या खुणा दिसत असतील तर दूध वाटीत काढून त्याचा रंग पाहण्याची गरज नाही. त्या दिसत नसतील तर मात्र डबा उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा बाळाला धरण्याच्या पद्धतीत बदल केला तरी काम होतं. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र न जाता भोवतालचा काळसर भागही जायला हवा, एवढंच पुष्कळदा शिकवावं लागतं.

खरवस आवडीने, चीक मात्र ओतून

आता एका गमतीकडे वळते. गमत कसली, विसंगतीच. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण किती हौसेने करतो! शहरात तर तो पैसे मोजून आणतो. पण घरच्या बाळंतिणीचा पिवळसर चीक ‘वाईट असतो, बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकणारी घरं आजही मला भेटतात. त्या दोन-तीन दिवसांत बाळाला मध चाटवतात, साखरेचं पाणी देतात, गुटी उगाळतात.

गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. ती द्रव्यं चिकात असतात आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी शोषतं ते फक्त पहिला दिवसभर. पुढे ते दार बंद होतं. म्हणून पशुवैद्य सांगतात की वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजा. तरी काही गोठ्यांत वार पडेपर्यंत वासराला थानाला लावत नाहीत. वासराच्या बाबतीत जी चूक गोठ्यात होते, तीच बाळाच्या बाबतीत माजघरात.

माणसाच्या बाळाला काही प्रतिकारद्रव्यं वारेतूनच मिळालेली असतात. पण आतड्याच्या आणि घशाच्या आतल्या अस्तरावर पहारा ठेवणारी द्रव्यं त्याला चिकातूनच मिळतात. तो येतो चमचा-चमचा. तेवढाच त्या दिवशी पुरतो. आईच्या दुधात काही शर्करा अशाही असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या आहेत कशाला? बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं ते खाद्य आहे. आई एका वेळी बाळालाही जेवू घालते आणि त्याच्या राखणदारांनाही. हे डब्यात जसंच्या तसं भरता आलेलं नाही.

मधाबद्दल स्पष्टच सांगते. एक वर्षाच्या आत मध देऊ नका. त्यात बोट्युलिझम या घातक आजाराचे जिवाणू सुप्त रूपात असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणीही नको, अगदी विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा. दूध पातळ आहे याचा हा आणखी एक फायदा. त्यात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं.

गाईच्या दुधाचंही तसंच. वासरासाठी घातलेली जादा प्रथिनं आणि क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातात. म्हणून आपल्या आज्या त्यात पाणी घालतात. मग प्रथिनांबरोबर ताकदही कमी होते. शिवाय त्या दुधात लोह नगण्य. पहिल्या वर्षात मुख्यतः गाई-म्हशीच्या दुधावर वाढलेली गुटगुटीत पण पांढरीफटक मुलं मी नेहमी पाहते. गाईचं दूध उत्तम आहे. वासरासाठी.

एकटीने कुणीच पाजत नाही

इथवरचं वाचून एखादी आई म्हणेल, ‘म्हणजे पुन्हा सगळं माझ्याच गळ्यात. दर दोन तासांनी मीच, रात्रीही मीच.’ तिचा राग योग्य आहे. पातळ दुधाचा खरा अर्थ आपण समाज म्हणून समजूनच घेतलेला नाही. वारंवार पाजायचं तर आई बाळाजवळ हवी. आई बाळाजवळ राहायची तर तिचं बाकीचं काम दुसऱ्या कुणी तरी करायला हवं. निसर्गात ही दुसरी बाजू सांभाळणारे कोण कोण आहेत तेही पाहू.

आपल्या खिडकीतलं कबुतर घ्या. आपण त्याला वैतागतो, पण बाप म्हणून ते चांगलं आहे. अंडी फुटायच्या सुमारास नर आणि मादी या दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्याच्या चोथ्यासारखा पौष्टिक पदार्थ तयार होतो. पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच जगतात. हे घडवतं तेच प्रोलॅक्टिन, जे बाईच्या छातीत दूध बनवतं. १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल यांनी त्याला हे नाव दिलं ते कबुतरांवरच्या प्रयोगांतूनच. फ्लेमिंगो आणि एम्परर पेंग्विन यांचे नरही असंच ‘दूध’ पाजतात.

कोकणातल्या देवरायांत धनेश पक्षी दिसतो. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच आत येईल एवढी फट ठेवते. पुढचे काही आठवडे, कधी महिने, ती आत कोंडलेली. नर वडा-उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. तिने बाहेर यायचं नाही हे दोघांनी मान्य केलं आहे, पण मग खाणं आणायचं काम त्याचं, हेही.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे काळ्या तोंडाची वानरं. वानरीला पिल्लू झालं की टोळीतल्या इतर माद्या ते अगदी पहिल्या दिवसापासून मागून घेतात, कुरवाळतात, घेऊन हिंडतात. तेवढ्यात आई पाला खाऊन येते. राजस्थानात अबूच्या डोंगरावर या वानरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला तो सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी. पुढे त्यांनी माणसाबद्दल जे मांडलं ते मला फार पटतं. माणसाचं मूल इतकं खर्चिक आणि इतकं सावकाश वाढणारं आहे की एकटी आई ते वाढवूच शकली नसती. आजी, मावशी, थोरली बहीण, बाप अशा अनेक हातांच्या भरवशावरच आपली जात टिकली. टांझानियातल्या हाड्झा समाजात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं. आईला नवं बाळ झालं की आधीच्या मुलाचं वजन आजी किती कंदमुळं खणून आणते यावर ठरत होतं.

आपल्याकडच्या माहेरपणाच्या बाळंतपणामागे हेच शहाणपण होतं. सव्वा महिना बाळंतिणीने चुलीपुढे जायचं नाही. तिला आयतं ताट, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल. सोवळ्याचं आणि विटाळाचं जोखड त्यात होतं, ते गेलं तर बरंच झालं. पण विश्रांती आणि चार हातही त्याच्याबरोबर गेले, हे वाईट झालं. आज शहरातल्या दोन खोल्यांत बाळंतीण, तिचा नवरा आणि डब्यावरची सूचना वाचणारा मोबाइल, एवढंच उरलं आहे.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मानंतर तासाभरात अंगावर घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा जास्त पाजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात झाली होती. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुलं होती फक्त ४१.८ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी अडाणी आजीने पाडलेली नाही. ती आम्ही डॉक्टर आणि परिचारिकांनी पाडली आहे. बाळ पुसायला नेलं, सिझेरियन झालं म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं, आई गुंगीत आहे म्हणून पहिली बाटली आम्हीच दिली. आजींना दोष देण्याआधी आमच्या जमातीने हे कबूल केलं पाहिजे. सिझेरियननंतरही आई शुद्धीवर असेल तर बाळ तिच्या छातीशी देता येतं. त्यासाठी यंत्र लागत नाही. शेजारी उभी राहणारी एक परिचारिका लागते.

कायद्याचंही पाहू. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची अट आली. पाऊल चांगलंच आहे. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ हा सल्ला पाळायचा तर रजा आधीच संपलेली. आणि ही रजाही मिळते संघटित नोकरीतल्या बाईला. धुणीभांडी करणारी, बांधकामावर घमेलं उचलणारी, शेतमजुरी करणारी बाई यात कुठेच नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी ‘कोयता’ म्हणून मोजली जातात. एक कोयता म्हणजे दोघं मिळून. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही. बाळ फडाच्या कडेला झोळीत. या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की दर दोन तासांनी पाजा?

आपल्या राज्यात बसस्थानकांवर आणि कार्यालयांत स्तनदा मातांसाठी जी खोली असते तिला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव सुंदर आहे. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी हिरकणी अंधारात कडा उतरून गेली, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. आपण तिच्या धाडसाला नमस्कार करतो. पण मला अलीकडे त्या गोष्टीतला बंद दरवाजाच जास्त दिसतो. आजही रोज संध्याकाळी हजारो बायका कुठला ना कुठला कडा उतरून बाळाकडे धावतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. खोलीच्या दारावर हिरकणीचं नाव लिहून आत मोडक्या खुर्च्या ठेवल्या, किल्ली साहेबांच्या टेबलात ठेवली, तर ती खोलीही बंद दरवाजाच झाली.

ज्यांना पाजता येत नाही

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. काहींना औषधांमुळे पाजता येत नाही, काहींचं बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असतं, काही बाळं दत्तक असतात, काहींची आई नसते. त्यांना बोल लावायला मी हे लिहिलेलं नाही. वरचं दूध हा त्यांच्यासाठी योग्य उपचार आहे, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वच्छ वाटी-चमच्याने आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच द्यावा. पैसे वाचवायला पावडर कमी आणि पाणी जास्त करू नये. आणि लहान, आजारी बाळांसाठी दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती याचसाठी. ज्यांना दूध भरपूर आहे त्यांनी अशा पेढीला दूध द्यावं. टोळीतल्या वानरी दुसरीचं पिल्लू सांभाळतात, तर आपण तेवढं करू शकतो.

माझं मागणं मोठं नाही. प्रसूतिगृहांनी पहिला तास आई आणि बाळाचा राखून ठेवावा. कंपन्यांनी पाजायच्या वेळेला ‘सवलत’ म्हणू नये. असंघटित बायकांसाठी पाळणाघर कामाच्या जागेपाशी असावं, आणि त्याचा खर्च कामावर ठेवणाऱ्याने व सरकारने वाटून घ्यावा. घरातल्या बापाने रात्री बाळ उचलून आईजवळ द्यावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा, सकाळी तिच्या हातात गरम चहा आणि पोळी द्यावी. आणि घरातल्या मोठ्यांनी ‘पातळ आहे’ हे वाक्य तेवढं सोडून द्यावं.

त्या आजींचं काय झालं? पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, लसीसाठी. बाळ चार किलोच्या जवळ गेलं होतं. डबा उघडला का, असं मी विचारलं. म्हणाल्या, ‘‘नाही हो. दुकानदार परत घेईना, तसाच पडलाय फडताळात.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘हिला मी आता कामालाच हात लावू देत नाही. बसून पाज म्हणते, बाकीचं मी बघते.’’ मुलगी या वेळी मान वर करून बसली होती.